त्रेचाळीस मिलिमीटरचा डाग

निनावी तक्रार कशी करावी याचं शिक्षण माणसाला कुठेच मिळत नाही, आणि त्यामुळे भलेभले तोंडघशी पडतात. या गोष्टीतले गृहस्थ वजनमापं खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. या काळात त्यांनी दुकानदारांचे हजारो काटे तपासले आणि एकालाही चार दाण्यांची सूट दिली नाही. कॉलनीत त्यांना पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, तेव्हा आपणही तसंच म्हणायला हरकत नाही.

तक्रार होती सासऱ्यांच्या ट्रॅक्टरविरुद्ध. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी शेत विकलं आणि एक बॅग, एक वेताची खुर्ची आणि एक ट्रॅक्टर घेऊन ते मुलीकडे राहायला आले. ट्रॅक्टर मिलिमीटरांपेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता. तो गाडीच्या शेडमध्ये शिरला आणि मिलिमीटरांची धुऊनपुसून ठेवलेली गाडी उन्हात रस्त्यावर उभी राहू लागली. रोज सकाळी सव्वासहाला सासरे तो दहा मिनिटं चालू करीत. का, तर इंजिनाला सवय राहावी म्हणून. त्या दहा मिनिटांत सगळा धूर मिलिमीटरांच्या उशीपर्यंत येई आणि इंजिनाच्या पुढच्या टोकातून, जिथे क्रँकचा दांडा बाहेर डोकावतो तिथून, फरशीवर तेल टपके. मग सासरे गुडघे धरत वाकत आणि डाग पुसून घेत.

मिलिमीटरांनी हे तीन वर्षं सोसलं. मग एक दिवस त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. नाव नाही, सही नाही, सगळं टाइप केलेलं. पाकीटसुद्धा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पेटीत टाकलं. एवढी काळजी घेऊन त्यांनी मजकुरात लिहिलं की, 'दहा मिनिटांत पडणाऱ्या तेलाच्या डागाचा व्यास तीन वेळा मोजला असता सरासरी त्रेचाळीस मिलिमीटर भरला.' हे वाक्य लिहिताना त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. न मोजता केलेली तक्रार म्हणजे चुगली, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

त्यांचा अंदाज असा की पालिका एक समज देईल, सासरे कुरकुरतील आणि कुठल्या तरी हौशी माणसाला ट्रॅक्टर देऊन टाकतील. पालिकेने समज दिली नाही, नोटीस दिली. पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता तपासणी होणार. अर्धा तास इंजिन चालवायचं. त्या वेळात जमिनीवर तेलाचा एक थेंब जरी पडला तर वाहन निवासी भागातून हलवावं लागेल. सोबत तक्रारीची प्रत जोडली होती.

बायकोने ती जेवायच्या टेबलावर मोठ्याने वाचली. त्रेचाळीस मिलिमीटरपाशी ती थांबली, कागद खाली ठेवला आणि म्हणाली, हा कोण रिकामटेकडा आपल्या शेडमध्ये शिरून पट्टी लावत बसलाय? शेजारचे निवृत्त रेल्वे गार्ड, ज्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत, वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. त्यांनी प्रत उजेडात धरली आणि तक्रारदार शिकलेला असून मनाने हलका आहे, असं निदान केलं. त्यांचा संशय कोपऱ्यावरच्या डॉक्टरांवर होता. मिलिमीटर लागोपाठ दोन ग्लास पाणी प्यायले.

सासऱ्यांनी मात्र हात धुतले, खोलीत जाऊन बॅग काढली आणि पडवीत आणून ठेवली.

"ट्रॅक्टर जाईल तिथे मी जाईन," ते मुलीला म्हणाले. "तो एकटा कुठे राहणार?"

जाणार होते चुलतभावाकडे, बारा तासांच्या अंतरावर. तिथे एका खोलीत चार माणसं आधीच होती आणि सासऱ्यांचं वय ब्याऐंशी होतं. बायकोने समजावून पाहिलं, मग रागावून पाहिलं. दोन्ही उपाय संपल्यावर ती रडली नाही. तिने घरातली सगळी फडकी काढली आणि ती धुवायला बसली. स्वच्छ होती तीसुद्धा. लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या माणसाला याचा अर्थ बरोबर कळतो. आपण एका पाकिटात घालून तिचा बाप पेटीत टाकून आलो, असं मिलिमीटरांना वाटलं.

"गळती मी काढतो," ते म्हणाले. "शनिवारच्या आत."

बायकोने इतक्या कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं की त्यांना जास्तच वाईट वाटलं.

खरं तर असलं इंजिन उघडणारा एकच मिस्त्री गावात उरला होता. त्याने फोनवर ट्रॅक्टरचं वय विचारलं आणि पुढच्या महिन्यानंतर बघू म्हणाला. तेव्हा काम स्वतःच करणं आलं. ट्रॅक्टरच्या पिवळ्या पडलेल्या पुस्तकात ते दीड ओळीत लिहिलं होतं: पुढची पुली काढावी, जुनं सील काढून नवं बसवावं, वेळ दोन तास. सील म्हणजे काय, तर बांगडीसारखी एक रबरी कडी. दांड्यावर चढवलेल्या पुलीच्या, म्हणजे पट्ट्याच्या चाकाच्या, मधल्या भागाला ओठ लावून बसते आणि तेल आतल्या आत ठेवते. मिलिमीटरांनी तक्ता आखला, त्यात दोन तासांचे अडीच केले आणि रविवारी सकाळी नऊ वाजता शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

पुस्तक लिहिणाऱ्याने एक गोष्ट सांगितली नव्हती. पुली काढायची तर तिच्यासमोर पुढच्या चाकांचा आस आडवा येतो. आस सोडवायचा तर आधी रेडिएटर उतरवावा लागतो. रेडिएटर उतरवायचा तर बॉनेट, बॉनेट काढायचं तर दिवे, आणि दिव्यांचे स्क्रू गंजून असे बसलेले की त्यांनी दोन दिवस खाल्ले. मंगळवारी संध्याकाळी ट्रॅक्टर पुढून लाकडी ठोकळ्यांवर उभा होता आणि त्याचं नाक, डोळे, दात सगळं शेडभर डब्यांतून मांडलं होतं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, क्रमांकांची वेगळी वही. एवढं सगळं झालं तरी ती कडी अजून दिसलीसुद्धा नव्हती.

सासरे या काळात पडवीत शेडकडे पाठ करून बसत. त्यांचे हात आता थरथरत, पाना धरवत नसे, आणि आपल्या ट्रॅक्टरला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना बघवत नसे. पाना पडल्याचा आवाज आला की त्यांची मान किंचित हले, एवढंच. त्यांना काही विचारावं असं मिलिमीटरांच्या मनात अनेकदा आलं. पण ज्याच्याविरुद्ध आपण पत्र लिहिलं त्यालाच सल्ला विचारायचा, हे त्यांच्या जिभेवर येईना. शिवाय पुस्तक होतंच की.

सल्ल्याची उणीव गार्डसाहेबांनी भासू दिली नाही. ते रोज दहा वाजता येत, उलट्या बादलीवर बसत आणि आधी तक्रारदाराचा तपास, मग तांत्रिक मार्गदर्शन असा कार्यक्रम चालवीत. तेलात अंड्याचा पांढरा बलक घातला तर गळती आपोआप थांबते, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या मेव्हण्याने असं केलं होतं. मेव्हण्याच्या इंजिनाचं पुढे काय झालं या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. बुधवारी त्यांनी जाहीर केलं की पत्राचं टाइपयंत्र आपण ओळखलं असून दोन दिवसांत पुरावा हाती येईल. ते यंत्र मिलिमीटरांच्या कपाटात टॉवेलखाली होतं. पान्यावरचा त्यांचा हात सटकला आणि तीन बोटांची सालं निघाली.

बुधवारी दुपारी पुली निघाली. ती आधी निघेचना. मागून आणलेला पुलर, म्हणजे तीन पायांचा ओढणारा शिकंजा, लावून मिलिमीटर पिळत राहिले आणि गार्डसाहेब हिरवा झेंडा दाखवावा तसे हात हलवत राहिले. मग बंदुकीसारखा आवाज झाला, पुली मिलिमीटरांच्या मांडीवर आली आणि दांडा आणि पुली यांच्यामध्ये बसणारी अर्धचंद्राच्या आकाराची लोखंडी चावी उडून गेली. ती नखाएवढी चावी नसली तर पुली दांड्यावर नुसतीच फिरते. तीन माणसं चार तास फरशीवर रांगली. बायकोने पिठाची चाळणी आणून शेडमधली धूळ चाळली. चावी शेवटी गार्डसाहेबांच्या चपलेच्या टाचेत रुतलेली सापडली, आणि ती सापडली याचं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं.

जुनी कडी एकदाची बाहेर आली, लाकडासारखी कडक आणि तीन ठिकाणी तडकलेली. मिलिमीटरांनी ती मोजली, मोजमापांचा कागद केला आणि गुरुवारी सकाळी दुकान गाठलं. दुकानदाराने कागद न वाचता बाजूला ठेवला आणि नमुना मागितला. मिलिमीटर म्हणाले की नमुन्याची गरज नाही, यात शतांशापर्यंत मापं आहेत. दुकानदार म्हणाला, कागद इंजिनात बसवणार आहात का? मिलिमीटर घरी आले, तुटकी कडी घेतली, परत गेले. दुकानदाराने ती बोटात घातली, भिंतीवरच्या दोरीला ओवलेल्या शंभर कड्यांतून एक उपसली आणि पुढे ढकलली. मिलिमीटरांनी तिथेच उभं राहून ती मोजली. बरोबर होती, आणि याचा त्यांना फार राग आला.

पण बसवताना त्यांनी जे केलं ते खरोखर बघण्यासारखं होतं. कडीच्या ओठाला ग्रीस, ओठाचं तोंड आतल्या बाजूला, वर लाकडी ठोकळा आणि हातोडीचे हलके ठोके. खोबण जिथे संपते तिथपर्यंत, काठाला काठ, चारही बाजूंनी मोजून. केसाचाही फरक नव्हता. मग क्रमांकांच्या वहीप्रमाणे सगळं उलट्या क्रमाने परत जोडलं. शुक्रवारी सकाळी अकराला, तपासणीला बरोबर चोवीस तास असताना, इंजिन सुरू झालं. बायको दारात येऊन उभी राहिली. पडवीतल्या खुर्चीने पहिल्यांदा तोंड शेडकडे केलं.

सहाव्या मिनिटाला पुलीमागे काळी रेघ दिसली. नवव्या मिनिटाला थेंब पडला.

बायको आत गेली आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. फडकी कालच संपली होती, आता ती पडदे धुणार होती. मिलिमीटर फरशीवर बसून राहिले. सगळं मोजून केलं होतं, तरी चुकलं होतं, आणि कुठे चुकलं ते कुठल्याच पट्टीवर दिसत नव्हतं. आयुष्यात एवढं असहाय त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते उठले, पडवीत गेले आणि सासऱ्यांसमोर उभे राहिले.

"बाबा, मला कळत नाहीये. तुम्ही बघता का?"

"पाच दिवस वाट बघतोय, कधी विचाराल याची," सासरे म्हणाले आणि खुर्चीचा हात धरून उठले.

पुन्हा रेडिएटर, पुन्हा आस, पुन्हा पुली. आता स्क्रूंना वाट माहीत होती, त्यामुळे चार तासांत झालं. सासऱ्यांनी पुली मांडीवर घेतली, तिचा मधला गुळगुळीत भाग फडक्याने पुसला आणि त्यावरून नख फिरवलं. मग मिलिमीटरांचं बोट धरून त्यांचं नख त्याच जागेवरून ओढलं. नख एका ठिकाणी अडलं. डोळ्यांना दिसत नव्हता असा एक बारीक चर होता तिथे, जुन्या सीलने इतक्या वर्षांत घासून पाडलेला. नवं सील अगदी जुन्याच्या जागी बसवलं होतं, त्यामुळे त्याचा ओठ बरोबर त्या चरात पडत होता आणि तेलाला वाट मिळत होती. जितकं अचूक बसवलं तितकं ते गळणार होतं.

"पूर्ण आत ठोकू नका," सासरे म्हणाले. "थोडं बाहेर राहू द्या. ओठ कोऱ्या जागेवर येईल."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे थोडं."

"बाबा, दीड मिलिमीटर की दोन?"

"नखाच्या जाडीपेक्षा जास्त, बोटाच्या जाडीपेक्षा कमी."

मिलिमीटरांच्या कपाळावर घाम आला. कोणाचं नख, कोणाचं बोट, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पहिलं सील उपसताना फाटलं होतं, म्हणून ते धावत दुकानात गेले आणि या वेळी न मोजता दुसरं घेऊन आले. सासऱ्यांनी थरथरता तळहात त्यांच्या हातोडीच्या हातावर ठेवला. ठोका पडला की ते म्हणत, अजून. मग म्हणाले, अजून एक, हळू. मग हात उचलला. कडी काठाच्या बाहेर राहिली होती, उघड्या डोळ्यांना दिसेल इतकी. हे असं अर्धवट सोडून उठणं मिलिमीटरांना अतिशय जड गेलं. मोजपट्टी खिशात होती, पण त्यांनी ती काढली नाही. जोडणी संपेपर्यंत शनिवारचे साडेदहा वाजून गेले होते, आणि चालवून बघायला वेळ उरला नाही.

शनिवारी अकराला पाच मिनिटं असताना पालिकेचे साहेब आले. बारीक चणीचे, थकलेले, बगलेत फाइल. त्यांनी इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा सरकवला, घड्याळ काढलं आणि सुरू करा म्हणाले. इंजिन धडधडलं. सासरे खुर्चीत, बायको त्यांच्या मागे उभी, गार्डसाहेब बादलीवर. मिलिमीटर फरशीवर पालथे, गाल जमिनीला लावून.

सहावं मिनिट गेलं. नववं गेलं. पंधराव्याला गार्डसाहेबांनी अंड्याच्या बलकाचा विषय काढला आणि बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते अर्ध्यातच थांबले. बाविसाव्या मिनिटाला पुठ्ठ्यावर टप असा आवाज झाला.

मिलिमीटरांनी डोळे मिटले. साहेब वाकले, बोट लावलं, वास घेतला, बोटावर बोट घासून पाहिलं. मग म्हणाले, "पाणी आहे. रेडिएटर काठोकाठ भरलाय कोणीतरी." मिलिमीटरांनी तो मोजून काठोकाठ भरला होता. उरलेली आठ मिनिटं ते पुठ्ठ्यावरून नजर न काढता पडून राहिले.

साडेअकराला पुठ्ठा बाहेर आला. पाण्याचा एक ठिपका सोडला तर तो कोरा होता. बायकोने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पदराने तोंड झाकलं. साहेबांनी फाइल उघडली, शेरा लिहिला आणि सहज म्हणाले की आता फक्त तक्रारदाराची सही लागेल.

तक्रार निनावी आहे, असं मिलिमीटर घाईने म्हणाले. साहेब म्हणाले, तीच तर अडचण आहे. तक्रारदाराने समाधान झाल्याचं लिहून दिल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही. बंद झालं नाही तर दर महिन्याला तपासणी. तिसऱ्या खेपेला कागद वरच्या साहेबांकडे जातात, आणि वरचे साहेब तपासणी करत बसत नाहीत, थेट हलवायला सांगतात.

मग सासरे म्हणाले, "आणा तो कागद. तक्रार मी केलीय."

मिलिमीटरांनी मान वळवली. सासरे समोर ट्रॅक्टरकडे बघत होते आणि चेहरा अगदी साधा होता. त्यांना ठाऊक होतं. प्रत वाचली गेली त्या क्षणापासून त्यांना ठाऊक होतं, आणि आठवडाभर याच माणसाच्या हातचं ते मुकाट्याने पाणी पीत होते.

साहेबांनी कागद पुढे केला नाही. मालकाला स्वतःविरुद्ध तक्रार करता येत नाही, त्यांनी थकल्या आवाजात सांगितलं. तशी नियमात सोयच नाही.

मिलिमीटर उठून उभे राहिले. गालाला शेडची धूळ चिकटलेली होती. खरं तर गप्प राहता आलं असतं, पुढच्या महिन्यापर्यंत काहीतरी सुचलं असतं. पण ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने आपल्यासाठी खोटं बोलावं आणि आपण गालाला धूळ लावून ते ऐकावं, हे त्यांना सहन होईना.

"सही माझी घ्या," ते म्हणाले. "पत्र मी लिहिलंय."

गार्डसाहेब बादलीवरून उठले आणि परत बसले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांशी त्यांनी आठवडाभर बोलणं सोडलं होतं. बायको नवऱ्याकडे बघत राहिली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त लागलं.

"तीन वेळा मोजलंत," ती म्हणाली, "आणि मला एकदा सांगितलं नाहीत?"

साहेबांनी खाली मान घालून फॉर्म भरायला घेतला. असले प्रसंग त्यांना रोज बघावे लागत असावेत. नाव झालं, पत्ता झाला. मग त्यांनी विचारलं, तक्रारदाराचं मालकाशी नातं काय? रकाने चार आहेत: शेजारी, भाडेकरू, कुटुंबीय, इतर.

मिलिमीटरांनी बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "इतर लिहा," ते म्हणाले, आणि ते त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

साहेबांचं पेन त्या रकान्यावर टेकलं.

"थांबा," सासरे खुर्चीतून म्हणाले. "इतर माणूस पत्र टाकतो आणि घरी बसतो. हा आठवडाभर माझ्या ट्रॅक्टरखाली पालथा पडलाय. कुटुंबीय लिहा."

साहेबांनी मुलीकडे पाहिलं. तिने बराच वेळ घेतला. मग एकदा, अगदी थोडी, मान हलवली. थोडी म्हणजे किती, हे मिलिमीटरांनी विचारलं नाही.

खूण झाली आणि कागद त्यांच्यापुढे आला. सहीसाठी आखलेली रेघ होती, पण डोळ्यांत पाणी आल्याने त्यांना ती दिसली नाही, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांची सही रेघेच्या खाली गेली.